पत्रा, पेट्रोल आणि पासिंग : प्रस्तावना

सातारा-सांगलीकडे आज चांगली दुभती मुऱ्हा म्हैस घ्यायची तर लाखाच्या घरात पैसे मोजावे लागतात. चालती मारुती ८०० त्याच्या निम्म्यात मिळते, कधी त्याहूनही कमीत. म्हैस दूध देते आणि गाडी पेट्रोल पिते, हे घरातली शहाणी माणसं लगेच ऐकवतात. तरीही गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, वाड्याच्या बोळात, बंद पडलेल्या गिरणीच्या पडवीत टायर बसलेल्या आणि काचेवर धुळीचे थर चढलेल्या गाड्या जागोजाग उभ्या आहेत, आणि त्यातल्या काही दरवर्षी कुणीतरी पुन्हा रस्त्यावर आणतं. हे पुस्तक त्या 'कुणीतरी'साठी आहे. त्याच्याकडे हौस असते, रविवार असतो आणि पैसे बेताचे असतात.

जुन्या गाड्यांवर आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं गेलं ते बहुतेक श्रीमंतांच्या गाड्यांवर. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, दिल्लीत १९६४ पासून भरणारी स्टेट्समन रॅली, चकचकीत ब्रासचे दिवे, फेटा बांधून शेजारी उभे राहिलेले मालक. त्या गाड्या सांभाळायला माणसं होती आणि आहेत. स्वस्त गाडीचं नशीब वेगळं. मारुती ८०० एकट्या भारतात सव्वीस लाखांच्या वर खपली. एवढी मुबलक वस्तू कधी दुर्मीळ होईल असं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून ती कुणी जपत नाही. बघता बघता ती भंगाराच्या काट्यावर जाते. ८००चं वजन साधारण साडेसहाशे किलो. लोखंडाच्या भावाने हिशेब केला की दुरुस्तीचा विचार करणारा माणूस वेडा ठरतो.

या वेडाला इथे मोठी परंपरा आहे, आणि ती गाड्यांच्या आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून केली. तिथून उठावं लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे या भागाचा यंत्रधंदा दोन्ही जिल्ह्यांनी मिळून उभा केला असं म्हणायला हरकत नाही. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर निघाले, पुढे डिझेल इंजिनं निघाली. सत्तरच्या दशकात साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' तयार होऊ लागली, आणि घराघरांत प्लग साफ करायला शिकलेली एक पिढी घडली.

पण खरी शाळा शेतात होती. कृष्णा, कोयना, वारणा यांच्या काठी ऊस वाढला तसे नदीवर पंप बसले. पंपाचं इंजिन ऐन उन्हाळ्यात बंद पडलं तर ऊस थांबत नाही, वाळतो. त्यामुळे 'पार्ट मागवलाय, पंधरा दिवस लागतील' हे उत्तर इथे कधी चाललं नाही. कराडला, इस्लामपूरला, विट्याला लेथ आले, बोअरिंगची मशिनं आली, घासलेल्या शाफ्टवर धातू चढवून तो पुन्हा मापात आणणारे टर्नर आले. साखर कारखान्यांच्या वर्कशॉपांत शिकलेले फिटर निवृत्त होऊन गावी दुकान टाकून बसले. शेजारी कोल्हापूरचं उद्यमनगर तर होतंच. पंपाचं इंजिन बांधणाऱ्या हाताला मोटारीचं इंजिन फारसं अवघड गेलं नाही. पुण्या-मुंबईत ज्या कामाला 'नवीनच टाका' असं सांगतात, ते काम इथे अजून 'बघू, करून देतो' म्हणून घेतलं जातं. बेताच्या पैशात जुनी गाडी उभी करणं या भागात शक्य होतं ते यामुळे.

गाडी दुरुस्त करण्याच्या पुढे जाऊन ती मुळातून बनवण्याची खुमखुमीही इथली. स्वस्त भारतीय मोटार कशी असावी याच्या दिल्लीत नुसत्या चर्चा चालल्या होत्या, तेव्हा सांगलीपासून हाकेच्या अंतरावर इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः बनवली होती. पहिली गाडी १९४९ची. पुढे त्यांनी सुधारित नमुनेही केले, पण कारखान्यातून गाड्या बाहेर पडण्याचा योग काही आला नाही. आणि अगदी अलीकडे, २०२१च्या अखेरीस, कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून जीपसारखी छोटी गाडी बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. आनंद महिंद्रांच्या नजरेस तिचा व्हिडिओ पडला. गाडी नियमांत बसणारी नसल्याने त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती घेतली. या गोष्टीचं कौतुक सगळ्यांनी केलं. माझ्या दृष्टीने तिच्यातला महत्त्वाचा भाग कौतुकाच्या पलीकडचा आहे : हाताने बनवलेल्या गाडीला पासिंग मिळत नाही. शेडमध्ये सडत पडलेल्या पद्मिनीचं किंवा ८००चं आरसी बुक मात्र कपाटात असतं. त्या कागदामुळे सडकी गाडीही कायद्याच्या नजरेत अजून गाडी असते. कसबाला कागदाची जोड मिळते ती जुन्या गाडीतच.

या जुन्या स्वस्त गाड्या कुठल्या, ते थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. सांगलीकरांना वालचंद म्हटलं की आधी कॉलेज आठवतं, पण त्या कॉलेजच्या आवारात एकेकाळी सर्वांत जास्त दिसणारी प्राध्यापकी गाडीही त्यांच्याच कंपनीची असावी, हा मला गमतीचा योग वाटतो. अँबेसेडर ही पुढाऱ्यांची आणि टॅक्सीवाल्यांची, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड ही हौशी डॉक्टर-वकिलांची. या सगळ्या गाड्या नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळायच्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि पन्नास हजारांच्या आसपास किंमत असलेली गाडी ही कल्पना घरात शिरली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ओढ. १९८६ मध्ये तिचा आकार बदलला, २०००च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. २००९ मध्ये आलेली नॅनो हे या वंशातलं शेवटचं धाडस. तीही २०१८ नंतर संपली.

बेताच्या पैशात हात घालायचा तर माझं मत स्पष्ट आहे : ८०० घ्या. कारण भावनेचं नाही, सुट्या भागांचं आहे. तिचंच इंजिन ओम्नीत होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत राहिली. शाळेच्या मुलांची, दूधवाल्यांची, रुग्णवाहिकेची ओम्नी प्रत्येक गावात होती, त्यामुळे रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेट तालुक्याच्या दुकानात आजही मिळते. पद्मिनीचं उलट झालं. मुंबईच्या भंगारात जाणाऱ्या टॅक्स्या हा तिच्या भागांचा मोठा झरा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता ग्रिल, काचा, क्रोमच्या पट्ट्या यासाठी कुर्ल्याचा बाजार आणि पुण्याचा जुना बाजार पालथा घालावा लागतो, आणि विकणाऱ्यालाही आपल्याकडे काय आहे ते कळलेलं असतं.

जुन्या गाडीवर काम करणाऱ्यांत ढोबळमानाने तीन पंथ आहेत. पहिला मूळ स्वरूपवाल्यांचा. कारखान्यातून निघाली तशी गाडी हवी, बोल्टवरचा शिक्कासुद्धा त्या काळचा हवा. हा पंथ आदराला पात्र आहे आणि खिशाला नाही. दुसरा सजावटीचा : रुंद टायर, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, काळ्या काचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई आहे, हे या पंथाला पोलिसांनी अडवल्यावर समजतं. तिसऱ्या पंथाला नाव नाही, कारण त्याचे अनुयायी स्वतःला पंथ मानतच नाहीत. त्यांना गाडी चालती हवी असते, घाटात भरवशाची हवी असते आणि पासिंग झालेली हवी असते. तिचं दार दुसऱ्या गाडीचं असेल, सीट ओम्नीची असेल, रंग एका बाजूला किंचित फिका असेल. हे पुस्तक या तिसऱ्या पंथाचं आहे. पहिल्या पंथातल्या मित्रांनी ते वाचावं, पण नाक मुरडू नये.

या पंथाचं सगळं शास्त्र खर्चाच्या क्रमात आहे. नवखा माणूस गाडी आणली की आधी रंगाचं बोलतो. गॅरेजवालाही खूश होतो, कारण रंगात पैसा आहे. पण पसरणीचा किंवा कुंभार्लीचा घाट उतरताना रंग कामाला येत नाही. पहिला पैसा ब्रेकवर. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी शोषलेलं असतं, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर आतून गंजून जाम झालेले असतात. पायाखाली पेडल घट्ट लागतं आणि माणूस फसतो. मग टायर, चाकांची बेअरिंगं आणि स्टेअरिंगचे सांधे. नक्षी जाड दिसणारा टायरही दहा वर्षं ऊन खाल्लेला असेल तर काढूनच टाकावा. त्यानंतर पत्रा, त्यानंतर इंजिन. इंजिन चौथं का, असं पुष्कळजण विचारतात. कारण इंजिन या भागात सहज बांधून मिळतं. कुजलेला खालचा पत्रा मिळत नाही.

पत्र्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण स्वस्त गाडीचा जीव तिथे जातो. सातारा जिल्ह्याचा पश्चिम कडा आणि पूर्व कडा यांत पावसाचा जो फरक आहे तो देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून दिवसभरात जाऊन यावं एवढ्या अंतरावर माण-खटावचा दुष्काळी पट्टा, त्याच्या पुढे सांगलीकडचे आटपाडी आणि जत. माणसाला हा फरक जाचक आहे, गाडी घेणाऱ्याला तो उपयोगाचा आहे. म्हसवडच्या किंवा जतच्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असतो, डॅशबोर्डला तडे गेलेले असतात, रबरं कडक झालेली असतात, आणि खालचा पत्रा ठणठणीत असतो. पाटणची किंवा महाबळेश्वरची गाडी वरून ताजी दिसते. रबरी मॅट उचलून बघा. मी कळकळीने सांगतो : दुष्काळी भागातली कुरूप गाडी घ्या.

पत्रा बघायची इथली रीत साधी आहे. स्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळायचं, म्हणजे रंगाला ओरखडा येत नाही, आणि ते दाराच्या खालच्या कडेवरून, चाकांवरच्या कमानीवरून, पायरीच्या पट्टीवरून हळूहळू फिरवायचं. चांगल्या पत्र्यावर चुंबक हाताला ओढ देत सरकतं. मध्येच ती ओढ सुटली की तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. मग दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची बारीक भोकं बघायची. ती मातीने किंवा जुन्या रंगकामाने बुजलेली असली तर काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या पोटात साठून राहिलेलं असतं, आणि दार आतून कुजतं. शेवटी बॅटरीच्या ट्रेखाली आणि मागच्या डिकीत स्टेपनीच्या खळग्यात बोट घालायचं. जाणता डेंटर एवढ्यावर किंमत सांगतो, बॉनेट उघडायच्या आधी.

सांगलीची आणखी एक गोष्ट वेगळी : पूर. २००५, २०१९ आणि २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि निम्मं शहर पाण्याखाली होतं. बुडालेल्या गाड्यांपैकी कित्येक विमा कंपन्यांनी टोटल लॉसमध्ये काढल्या, त्या हातोहात फिरल्या आणि दूरच्या जिल्ह्यांतून धुऊनपुसून परतही आल्या. पुराची गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. धुणारे सगळं धुतात, बेल्टचा आतला गुंडाळलेला भाग बहुधा राहून जातो आणि तिथे चिखलाची रेघ असते. पण पुराची म्हणून गाडी टाकूनच द्यावी असंही नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या ८००मध्ये विजेची भानगड मुळात कमी. वेळेवर सगळी ऑइलं काढली असतील, वायरिंगचे जोड साफ केले असतील तर ती उभी राहते. एमपीएफआय गाडीचा कंट्रोलर पाण्यात राहिला असेल तर मात्र हात जोडावेत.

पाण्यानंतर ऊस. हा नवा विषय आहे आणि त्यातला योगायोग इथल्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. देशभर पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या कारखान्यांना त्यातून चार पैसे मिळाले, हे चांगलंच झालं. पण रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत ज्या उसाच्या रानांतून ही जुनी गाडी जाते, त्याच उसाचं अल्कोहोल तिच्या टाकीत जाऊन तिची रबरं फुगवतं. जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून केलेली नाहीत. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, टाकीतला जुना चिकट थर आणि गंज सोडवतं, आणि तो सगळा मळ जेटमध्ये येऊन बसतो. गाडी चढाला गचके देते, मालकाला वाटतं इंजिन गेलं. उपाय स्वस्त आहे : टाकी उतरवून साफ करणं, इथेनॉल सोसणारे नवे पाइप, चांगला फिल्टर, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणं. जेट साफ करताना तारेने टोकरू नये. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी ॲव्हरेज कायमचं बिघडतं. कॉम्प्रेसरची हवा मारावी आणि जेट उजेडाकडे धरून आरपार बघावं. हे सांगणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या गॅरेजातली पोरं स्कॅनर लावून दोष वाचतात, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नसते. हे पुस्तक आत्ता लिहायचं मुख्य कारण हेच.

दुसरं कारण सरकारी आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना ती दहा हजार झाली. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. चाळीस हजारांच्या गाडीला हा आकडा टोचतो. वयावरून सरसकट बंदी आपल्याकडे नाही, फिटनेस असेल तर गाडी चालते, हे अजून अनेकांना माहीत नसतं आणि भंगारवाला ते सांगणार नाही. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनी 'व्हीए' ही वेगळी मालिका आली, पण तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पहिल्या ८००ला पन्नास वर्षं व्हायला २०३३ उजाडेल. तोवर तिला तरुण गाड्यांच्याच रांगेत उभं राहायचं आहे.

कागदांतली खरी अडचण फीची नसते, बोज्याची असते. आरसीवर एखाद्या सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव असतं, कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, आणि बोजा उतरवायला फॉर्म ३५वर सही करायची ती संस्थाच अवसायनात गेलेली असते. किंवा मूळ मालक वारलेले, तीन भाऊ वाटणीवरून अबोला धरून बसलेले, आणि वारसाच्या फॉर्म ३१साठी तिघांचीही संमती हवी असते. गाडी शेडमध्ये सडते ती पुष्कळदा यामुळे, इंजिनामुळे नव्हे. म्हणून बयाणा देण्यापूर्वी एमएच-१०, एमएच-११ किंवा कराडच्या एमएच-५०च्या ऑनलाइन नोंदीत गाडीवरचा बोजा, कर आणि दंड बघून घ्यावा. इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः वाकून, चिंधीने पुसून वाचावा.

पुस्तकाची मांडणी यामुळेच उलटी वाटेल. इंजिनापासून सुरू होणाऱ्या पुस्तकांची सवय असलेल्यांना इथे आधी कागद, मग पत्रा आणि ब्रेक भेटतील, रंग अगदी शेवटी. आकृत्या हाताने काढलेल्या आहेत आणि शब्द गॅरेजातले ठेवले आहेत, कारण वाचक पुस्तक घेऊन मिस्त्रीसमोर उभा राहिला तर दोघांची भाषा एक हवी. वेल्डिंग, गॅसची टाकी आणि ब्रेकची शेवटची तपासणी ही कामं घरी करू नयेत असं जिथे वाटलं तिथे तसं लिहिलं आहे. विजेवर चालणाऱ्या किटचा विचार मुद्दाम सोडला, तो या बजेटात बसत नाही. नॅनोवर एक छोटं प्रकरण आहे, कारण किमतीत ती आता म्हशीच्याही खाली आली आहे आणि पुढच्या काही वर्षांत शेडमध्ये तीच जास्त दिसेल. किमती दिल्या आहेत त्या कराड, सातारा आणि मिरज इथल्या दुकानांत विचारून, अंदाजापुरत्या. मजुरी आधी ठरवावी, पार्ट स्वतः आणावेत आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा. आरटीओच्या फीचे आकडे छपाईनंतर बदललेले असू शकतात, ते अर्ज भरण्याच्या दिवशी पुन्हा बघावेत.